सैलपणाचं माप

मित्राने फोटो पाठवला होता. एक गोल काच, तिच्यावर सुकलेल्या खाऱ्या पाण्याचे ठिपके, आणि आत शून्य व एक यांच्या मध्ये कुठेतरी आडवा झालेला काटा. खाली एकच ओळ: 'तेल घातलं तरी वर येत नाही.'

त्या ओळीतला 'तरी' माझ्या चांगल्या ओळखीचा आहे. तेलाचा दाब कमी म्हणजे तेल कमी, हे गणित प्रत्येकाच्या डोक्यात आधीपासून सोडवून ठेवलेलं असतं. मीही जहाजावर ज्युनियर इंजिनिअर म्हणून चढलो तेव्हा तेच घेऊन चढलो होतो. पहिल्याच महिन्यात एका जनरेटरचा दाब घसरला, तेव्हा मी धावत जाऊन तेलाचा कॅन उचलला. चीफसाहेबांनी मला जिन्यातच अडवलं. "पाणी उतरलं की बादली घेऊन पळतोस. रांजणाला भोक पडलंय का, ते कोण बघणार?"

तो रांजण माझ्या डोक्यात कायमचा बसला. तळाला भोकं असलेला रांजण आहे आणि कुणीतरी वरून सतत पाणी ओततंय. पाणी कुठवर चढेल? ओतणाऱ्याचा वेग, भोकांचा आकार आणि पाण्याचा दाटपणा, या तिघांवर ते ठरेल. ओतणारा म्हणजे इंजिनाचा ऑइल पंप. दोन गिअर एकमेकांत फिरतात आणि दर फेरीला ठरावीक तेल पुढे ढकलतात. पंप दाब तयार करत नाही, तो फक्त ओततो. भोकं म्हणजे बेअरिंग आणि शाफ्ट यांच्यामधल्या फटी, जिथून तेल बाहेर पडून पुन्हा संपमध्ये, म्हणजे इंजिनाच्या तळाच्या तेलाच्या तबकात, टपकतं. पडायलाच हवं, ते त्याचं कामच आहे. गेजवरचा काटा म्हणजे रांजणातली पाण्याची पातळी. म्हणजे काटा इंजिनाची ताकद दाखवत नाही. तेलाला बाहेर पडायला किती अडचण होतेय, तेवढंच दाखवतो. इंजिन म्हातारं होतं म्हणजे ही अडचण कमी होते. सगळं सैल होतं.

तर मित्राची बोट. बोट जुनी, त्याने ती दुसऱ्याकडून घेतलेली, आणि आत सहा सिलिंडरचं, टर्बो नसलेलं, जड बीडाचं एक इंजिन. आजकाल असं ओबडधोबड आणि मोकळेपणी उघडता येणारं इंजिन बघायला मिळत नाही. गेल्यावर मी आधी ते चालू करू दिलं नाही. मित्र जरा खट्टू झाला.

पहिला संशय काट्यावरच घ्यायचा असतो. बोटीवरच्या दाबाच्या गेजमध्ये बहुतेक वेळा तेल येतच नाही. ब्लॉकवर बसवलेला सेंडर दाबानुसार आपला विजेचा रोध बदलतो आणि वायरीतून डॅशबोर्डला तेवढं कळवतो. युरोपी पद्धतीच्या सेंडरमध्ये शून्य दाबाला सुमारे १० ओहम आणि पूर्ण दाबाला १८० ओहम, तर अमेरिकी पद्धतीत नेमकं उलट, शून्याला २४० आणि पूर्णला ३३. त्यामुळे वायर तुटली तर एका बोटीचा काटा शून्यावर पडेल आणि दुसरीचा शेवटच्या आकड्याला जाऊन चिकटेल. दुसरीची बातमी जास्त वाईट, कारण तिच्याकडे कुणी बघणार नाही. त्यात खारी हवा, हिरवी पडलेली टर्मिनलं, सेंडरच्या आट्यांवर टेपचे चार वेढे दिल्याने तुटलेलं अर्थिंग. मी कित्येक 'मेलेली' इंजिनं सॅण्डपेपरच्या एका तुकड्याने जिवंत झालेली पाहिली आहेत.

म्हणून सेंडर काढून तिथे थेट तेलावर चालणारा, नळीचा साधा मेकॅनिकल गेज लावला. खोटं कशाला बोलू, दोघांच्याही मनात हेच होतं की हा दोन बार दाखवेल, आपण हसू आणि संध्याकाळच्या आत घरी जाऊ. इंजिन तापवलं. डॅशबोर्ड म्हणत होता ०.६. नवा गेज म्हणाला ०.७.

मग डिपस्टिक, तेलाची पातळी बघायची सळई. तेल वरच्या खुणेच्याही बोटभर वर होतं. "मी एकच लिटर घातलं," मित्र म्हणाला. "त्याआधी किती होतं?" या प्रश्नावर तो गप्प झाला. दाब कमी दिसला आणि त्याने घातलं, बघितलं नव्हतं. डिपस्टिक हे इंजिनावरचं सगळ्यात साधं हत्यार असेल, पण तिच्याकडे एकदा बघून काहीच कळत नाही. ती रोज बघायची असते, म्हणजे कमी होतंय की वाढतंय ते कळतं. न घालता वाढणारं तेल ही कमी होणाऱ्या तेलापेक्षा जास्त गंभीर गोष्ट आहे, कारण संपमध्ये तेलाशिवाय दुसरं काहीतरी येतंय.

ते दुसरं काय असू शकतं? पाणी, नाहीतर डिझेल. पाणी आलं तर तेल गढूळ, सायीसारखं पांढरट होतं. शंका असेल तर तापलेल्या तव्यासारख्या पत्र्यावर थेंब टाकावा. पाणी असलं तर तो तडतडतो. आमचा थेंब शांतपणे धुरला. मग ब्लॉटिंग पेपरवर एक थेंब टाकून तो सीट खाली सरकवून ठेवला आणि इतर कामं करत राहिलो. काही तासांनी पाहिलं, तर मधे काजळीचा काळा डाग, आणि त्याच्या बाहेर दूरवर पसरलेलं फिकट, पारदर्शक कडं. चंद्राला खळं पडतं तसं. तेल इतक्या दूर जात नाही, डिझेल जातं. शिवाय डिपस्टिक नाकाशी नेल्यावर जो वास आला त्याला पुराव्याची गरज नव्हती.

डिझेल घुसायच्या वाटा मोजक्याच. गळका इंजेक्टर, इंजेक्शन पंपाच्या शाफ्टचं सील, किंवा टाकीतून डिझेल ओढणाऱ्या, ब्लॉकला चिकटलेल्या लिफ्ट पंपाचा फाटलेला डायफ्रॅम. डायफ्रॅमच निघाला. कडेला नखाएवढी चीर. दर झटक्याला थेंबभर डिझेल संपमध्ये, महिनोन् महिने. त्यात मित्राची सवय अशी की बोट उभी असताना बॅटऱ्या चार्ज करायला इंजिन तासन् तास रिकामं चालवायचं. डिझेल इंजिनाला असं बिनओझ्याचं, अर्धवट गरम ठेवलं की ते कुरकुरत नाही, आतल्या आत काजळतं. आणि थोडं डिझेल आलं तर नीट तापलेलं तेल त्यातलं काही उडवून तरी लावतं. कोमट तेल ते साठवत बसतं.

इथे मित्राने सुटकेचा श्वास सोडला. रोग सापडला होता. मीही तसंच म्हणालो असतो, पण एक आकडा मला टोचत होता.

इंजिन चालवताना मी वहीत लिहीत होतो: तेलाचं तापमान, फेऱ्या, दाब. ही सवयही त्या चीफसाहेबांचीच. ते म्हणायचे, एक आकडा म्हणजे अफवा, दहा आकडे म्हणजे साक्ष. सकाळी थंड इंजिन, तेल २८ अंशांवर, तेव्हा काटा ५.४ बारवर. दोर बांधून प्रोपेलरवर पाऊण तास ओझं दिल्यावर तेल ९२ अंशांवर, तेव्हा आयडलिंगला, म्हणजे बिनओझ्याच्या संथ चालीला, ०.७ आणि १,८०० फेऱ्यांना २.०. आता तेल तापल्यावर दाब पडणारच. १५डब्ल्यू-४० तेल ४० अंशांना सुमारे ११० सेंटिस्टोक दाट असतं आणि १०० अंशांना पंधराच्या आसपास. सातपट पातळ. म्हणून थंड इंजिनाचा दाब बघून खूश होणं म्हणजे झोपलेल्या माणसाच्या शांत स्वभावाचं कौतुक करणं. पण माझा प्रश्न उलटा होता: थंड असताना ५.४ कसा?

या इंजिनाच्या पुस्तकात रिलीफ व्हॉल्व्ह ४.५ बारला उघडतो असं लिहिलंय. एक स्प्रिंग, एक प्लंजर. दाब त्यापुढे गेला की तो मागे सरकतो आणि जास्तीचं तेल परत संपमध्ये सोडतो. रांजणाच्या काठाशी पाडलेला सांडवाच तो. पाणी त्याच्या वर जाऊच शकत नाही. मग आमचं पाणी एक हात वर कसं गेलं? व्हॉल्व्हची टोपी काढली. स्प्रिंग बाहेर आली आणि तिच्या मागून टुणकन दोन वॉशर.

बोटीच्या आधीच्या मालकाच्या मिस्त्रीचं काम. दाब कमी दिसला, त्याने स्प्रिंगमागे वॉशर घातले, थंड काटा झकास वर गेला, आणि बोट विकली गेली. रोग रेड्याला आणि औषध पखालीला म्हणतात ते हेच. आणि गंमत अशी की हे औषध रेड्याला लागू पडणं शक्यच नव्हतं. गरम आयडलिंगला दाब ०.७ असताना ४.५ वर उघडणारा व्हॉल्व्ह आधीच घट्ट बंद असतो. बंद दाराला आणखी एक कडी लावून घर उबदार होत नाही. व्हॉल्व्हच्या बैठकीत कचरा अडकून तो अर्धवट उघडा राहिला असता, तर गोष्ट वेगळी. पण मग दाब थंड असतानाही रोडावलेला दिसला असता.

वॉशर सापडल्यावर मी मित्राकडे जरा पोलिसासारखं बघायला लागलो. तेल कोणतं घालतोस? पुस्तकात १५डब्ल्यू-४० आहे, हा घालत होता २०डब्ल्यू-५०, कारण आधीच्या मालकाने 'याला जाडच मानवतं' असं सांगितलं होतं. आयडलिंग किती? पुस्तकात ६५०, टॅकोमीटर म्हणत होता ८५०. म्हणजे एकूण तीन पट्ट्या बांधलेल्या: जाड तेल, कडक स्प्रिंग, चढवलेलं आयडलिंग. प्रत्येक पट्टीने काटा थोडा वर आणलेला आणि जखम थोडी लपवलेली. फाटलेल्या डायफ्रॅमने फक्त ती झाकपाक उघडी पाडली. इंजिन मित्राकडे यायच्या आधीपासून सैल होतं.

जाड तेलाबद्दल माझं मत थोडं कडवट आहे, ते इथे सांगून टाकतो. काटा वर येतो हे खरं. पण बेअरिंगला तेल नुसतं वंगणासाठी लागत नाही, तिथली उष्णता वाहून न्यायलाही लागतं, आणि तिथे वाहून जाणाऱ्या तेलाला किंमत असते, दाबाला नव्हे. थंडगार सकाळी जाड तेल शेवटच्या बेअरिंगपर्यंत रेंगाळत पोहोचतं, आणि तेवढा वेळ तिथला शाफ्ट तेलाच्या जुन्या ओलीवर फिरत असतो. काटा मात्र तेव्हा अगदी ऐटीत उभा असतो.

याच संदर्भात एक जुनी गोष्ट मला फार आवडते. १८८३ च्या सुमारास बीचम टॉवर नावाचा इंग्लिश इंजिनिअर तिथल्या मेकॅनिकल इंजिनिअरांच्या संस्थेसाठी बेअरिंगच्या घर्षणाचे प्रयोग करत होता. शाफ्ट खालून तेलात बुडलेला, वरून पितळी अर्धबेअरिंगचं ओझं. तेल घालायला म्हणून त्याने बेअरिंगच्या माथ्यावर एक भोक पाडलं, तर भोकातून तेल आत जायच्या ऐवजी बाहेर येऊ लागलं. त्याने बूच मारलं. बूच बाहेर ढकललं गेलं. लाकडी खुंटी मारली, तीही वर सरकली. शेवटी तिथे गेज लावला, तर तो २०० पीएसआयच्या (दाबाचं इंग्रजी एकक) पुढे गेला, आणि बेअरिंगवरचं सरासरी ओझं होतं फक्त १००. तिथे कुठलाही पंप नव्हता. फिरणारा शाफ्ट स्वतःच तेलाला पाचरीसारखं बेअरिंगखाली ओढत होता आणि बेअरिंग त्याच पाचरीवर तरंगत होतं. १८८६ मध्ये ऑस्बर्न रेनॉल्ड्सने याचं गणित मांडलं आणि आजही बेअरिंगचा हिशोब तिथूनच सुरू होतो.

म्हणजे ज्या दाबावर क्रँकशाफ्ट तरंगतो तो आपल्या गेजवर कधी दिसतच नाही. बेअरिंगच्या आतल्या त्या पाचरीत शेकडो बार असू शकतात. आपला काटा दाखवतो तो फक्त दारापर्यंत तेल पोहोचवण्याचा दाब. म्हणूनच ०.७ बारवरही इंजिन लगेच मरत नाही, आणि म्हणूनच माणसं वर्षानुवर्षं निष्काळजी राहू शकतात. पाचरीला तेल मिळतंय तोवर शाफ्ट तरंगतो. ज्या क्षणी दारात तेल नसतं, त्या क्षणानंतरची गोष्ट मिनिटांची असते.

दारात तेल नसणं काय असतं, याचं अलीकडचं उदाहरण म्हणजे 'व्हायकिंग स्काय' हे प्रवासी जहाज. २३ मार्च २०१९, नॉर्वेचा हुस्ताडविका हा खडकाळ किनारा, वादळ, जहाजावर १,३७३ माणसं. चालू असलेले तिन्ही डिझेल जनरेटर एकामागून एक बंद पडले. संपमधलं तेल हवं त्यापेक्षा बरंच कमी होतं, आणि जहाज एवढं हेलकावत होतं की तेल एका बाजूला गेलं की पंपाच्या तोंडाशी हवा येई. दाब गेला, आणि स्वयंचलित यंत्रणेने इंजिनं वाचवण्यासाठी इंजिनं बंद केली. वीज गेली, प्रोपेलर थांबले, जहाज खडकांकडे वाहू लागलं. ४७९ जणांना हेलिकॉप्टरने दोरावरून उचलावं लागलं. बाकीचे जहाजाबरोबरच, कसंबसं इंजिन पुन्हा चालू करून, बंदरात पोहोचले. इंजिनाच्या खोलीत काम केलेला माणूस ही हकिकत वाचून क्षणभर गप्पच बसतो, कारण त्या तीन इंजिनांत काही तुटलं नव्हतं. पातळी कमी होती, बस.

म्हणून मी मित्राला मुद्दाम विचारलं की बोट लोळते तेव्हा काटा डुलतो का. नाही म्हणाला, स्थिर असतो. फेऱ्या चढवल्यावर दाब चढून पुन्हा पडतो का? नाही, चढतो आणि राहतो. सक्शनच्या नळीला चीर असती किंवा जाळी तुंबली असती, तर वेग वाढल्यावर पंप तहानेने तडफडला असता. आमचा दाब फेऱ्यांबरोबर शहाण्यासारखा चढत होता, फक्त सगळीकडेच खुजा. खुजा, आणि आयडलिंगला सर्वांत जास्त, कारण तेव्हा पंप सर्वांत कमी ओततो आणि भोकं मात्र तेवढीच असतात. मिस्त्री लोक दर हजार फेऱ्यांना निदान १० पीएसआय, म्हणजे साधारण ०.७ बार, असा ठोकताळा लावतात. पुस्तक हाती नसेल तर ठीक आहे. आमच्या पुस्तकात गरम आयडलिंगला किमान १ बार होता.

नवा लिफ्ट पंप बसवला, तेल काढून पुस्तकातलं तेल भरलं, वॉशर काढले, आयडलिंग ६५० वर आणलं. इंजिन तापवलं. दाब ०.८.

"एवढं करून एक टक्का?" मित्र म्हणाला. टक्का नव्हे, दशांश, असं मी दुरुस्त केलं आणि ते करायला नको होतं. पण हा ०.८ त्या ०.७ पेक्षा फार वेगळा होता. तो तीन पट्ट्या आणि एक भेसळ यांच्या मागे लपलेला आकडा होता, हा उघडा.

जुना फिल्टर मी फेकू दिला नव्हता. पत्रा कापून आतला कागद उलगडला, रॉकेलमध्ये खळबळला आणि उन्हात धरला. कागदाच्या घड्यांमध्ये करड्या रंगाची चमकी, लोहचुंबकाला न चिकटणारी. लोखंड चिकटलं असतं तर गिअर, सिलिंडर, कॅम यांच्याकडे बघावं लागलं असतं. करडी, मऊ, न चिकटणारी चमकी म्हणजे बेअरिंगचा वरचा शिशा-कथलाचा थर. आणि त्यात अधूनमधून तांबूस कण. बेअरिंगचं शेल पोलादी पाठीवर तांबं-शिसं आणि त्यावर तो मऊ थर अशा रचनेचं असतं. वरचा थर जेमतेम दोन-शतांश मिलिमीटरचा. तांबं दिसायला लागलं म्हणजे वरचा थर संपला.

त्याआधी कान लावून झाला होता. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक ब्लॉकवर, मूठ कानामागच्या हाडावर. बिग एंडचा, म्हणजे कनेक्टिंग रॉडच्या क्रँकशाफ्टकडच्या बेअरिंगचा, ठोका कोरडा आणि स्पष्ट असतो, क्रँकशाफ्टला पेलणाऱ्या मेन बेअरिंगचा खोल, घुमणारा. मग एकेका इंजेक्टरच्या पाइपचा नट सैल करून त्या सिलिंडरचं डिझेल तोडायचं आणि ऐकायचं. पाचव्याचं तोडलं की ठोका मवाळ व्हायचा. तो पाचवा मला आधीपासून खटकत होता, का ते विचारू नका.

उघडायचं ठरलं. एरवी बोटीत संप खाली उतरवायला जागाच नसते, इंजिन बेडवरून उचलावं लागतं. पण या जुन्या इंजिनाच्या क्रँककेसला बाजूने दारं होती, हात खांद्यापर्यंत जाईल एवढी. आजच्या छोट्या इंजिनांना ती नसतात, याचं मला दर वेळी वाईट वाटतं. दारं उघडण्यापूर्वी मी अख्खी रात्र थांबायला लावलं. मित्राच्या छोट्या इंजिनाला त्याची गरज नव्हती, हे मला माहीत आहे. पण जहाजावरची शिकवण अंगात मुरलेली असते: तापलेल्या बेअरिंगच्या इंजिनाचं दार उघडायचं नाही. तापल्या जागेवर तेलाची वाफ होते, ती थंड होऊन धुकं बनतं, आणि उघडल्या दारातून हवा मिळाली की भडका. १९४७ मध्ये 'रेना देल पॅसिफिको' या जहाजाच्या चाचणीफेरीत तर दार बंद असतानाच क्रँककेसचा स्फोट झाला आणि २८ माणसं गेली. मोठ्या जहाजांवर तेलाच्या धुक्यावर नजर ठेवणारी यंत्रं असतात त्यामागे ते एक जहाज आहे.

सकाळी पाचव्याची कॅप उतरवली. शेलचा मधला भाग तांबूस, तांब्याच्या जुन्या भांड्याचा कल्हई उडालेला तळ असतो तसा. जर्नल, म्हणजे शाफ्टचा बेअरिंगमध्ये फिरणारा भाग, मात्र गुळगुळीत. बोटाच्या नखाला कुठेच खाच लागली नाही, मायक्रोमीटरनेही होकार दिला. प्लास्टिगेजचा मेणासारखा बारीक धागा जर्नलवर ठेवून कॅप पुन्हा घट्ट केली, उघडली, आणि चपटा झालेला धागा मापाच्या पट्टीशी लावला. ०.१४ मिलिमीटर. जर्नल ७५ मिलिमीटरचा. साधारण हिशोब असा की व्यासाच्या हजाराव्या भागाएवढी फट, म्हणजे साडेसात शतांश मिलिमीटरच्या आसपास, ठीक.

०.०८ च्या जागी ०.१४ हे ऐकायला काही विशेष वाटत नाही. केसाच्या जाडीएवढाही फरक नाही. पण फटीतून झिरपणारं तेल फटीच्या घनाच्या प्रमाणात वाढतं. पावणेदोनपट फट म्हणजे पाचपटीहून जास्त गळती. हे मी मित्राला बिल्जमध्ये, बोटीच्या तळाच्या पोकळीत, उकिडवा बसून, खडूने लाकडावर लिहून दाखवलं. त्याने त्या आकड्याकडे बराच वेळ बघितलं. "म्हणजे हळूहळू बिघडत नाही हे," तो म्हणाला. झीज हळूहळूच होते, पण काटा तिच्या घनाने पडतो. म्हणून लोकांना वाटतं की काल बरं होतं आणि आज अचानक झालं.

बाकीचे बिग एंड ०.११ ते ०.१३. मेन बेअरिंगांचंही तेच, पंपापासून सगळ्यात लांबचं सगळ्यात वाईट. सगळे शेल बदलायचे ठरले. मेन बेअरिंगचं वरचं शेल शाफ्ट न काढता बदलायची एक युक्ती आहे: शाफ्टच्या तेलाच्या भोकात चपट्या डोक्याची छोटी पिन बसवायची आणि शाफ्ट हाताने हळू फिरवायचा. पिन शेलला ढकलत बाहेर आणते. नवं शेल तसंच, उलट फिरवून, आत. पहिल्यांदा बघणाऱ्याला हा हातचलाखीचा खेळ वाटतो. तिसऱ्या शेलनंतर पाठ इतकी दुखते की खेळ वाटत नाही. या कामाला आमचे दोन शनिवार-रविवार गेले, आणि त्यातला अर्धा वेळ बिल्जमध्ये पडलेला एक नट शोधण्यात.

पंप उघडून त्याच्या गिअरच्या टोकाकडचा प्ले, म्हणजे तिथली फट, फीलर गेजने पाहिला. मर्यादेच्या काठावर, पण आत. कॅमशाफ्टचे बुश आम्ही सोडून दिले. तेही झिजलेले असणारच, तेही रांजणाचं एक भोकच. पण त्यासाठी इंजिन बाहेर काढावं लागलं असतं. तेवढं सैलपण राहू द्यायचं ठरवलं, वहीत तसं लिहून ठेवलं, आणि मित्राची सही घेतली. तो हसला, पण सही केली.

त्या रविवारी गरम आयडलिंगला १.४ आला. १,८०० फेऱ्यांना ३.१. मी निघालो तेव्हा तो काटा पुसत होता.

आठवड्याने पहाटे सहाला फोन. आवाज घाबरा.

"अरे, आत्ता चालू केलं. काटा साडेचारला. पूर्वी साडेपाच असायचा! एवढं सगळं बदललं आणि उलट एक बार कमी?"

"तेल किती तापलंय?"

"तापलंय कुठे? आत्ता तर चालू केलं."

"मग थांब."

"काय थांब? बंद करू का?"

"दोर सोड, बाहेर ने, ओझं दे, आणि तासाभराने आयडलिंगला आणून सांग."

मागे इंजिनाचा आवाज येत होता, जड आणि सारखा. मी फोन कानाशी जरा जास्तच वेळ धरला, त्यात ठोका शोधत. मग त्याने ठेवला. सव्वासातला फोटो आला. तीच काच, ठिपके पुसलेले. काटा एकच्या पुढे, दीडच्या अलीकडे. खाली ओळ नव्हती.